तेरणेने रंगवलेली पानगळ

एका राज्यात पान गळणे हा अपराध होता.

त्या राज्याच्या राजाचे नाव दृढवर्मा. त्याच्या राजवाड्याच्या पश्चिमेला अफाट अरण्य होते. त्यात साग होते, ऐन होते, मोह होते, पांढऱ्या अंगाचे कांडोळ होते. पूर्वी हे अरण्य इतर अरण्यांसारखेच वागत असे. थंडी पडली की पिवळे होई, तांबडे होई, मग उघडे पडे, आणि ऊन तापू लागले की पुन्हा पालवे.

एका पानगळीत राणीला मुलगी झाली आणि राणी गेली. तिची राख थंड होते न होते तोच राजपुत्र सोमवर्मा अंथरुणाला खिळला. वैद्यांनी हात टेकले. राजज्योतिषी म्हणाला, "महाराज, अरण्याची शेवटची पाने गळतील, तेव्हा राजपुत्राचा प्राण जाईल."

राजाने काळकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि एवढेच सांगितले, "पाने गळता कामा नयेत."

"होईल, महाराज," काळकंठ म्हणाला. "पण त्यासाठी अरण्याला आपली पानगळ विसरावी लागेल. तिचे एखादे खरे चित्र कुठे उरले आणि अरण्याने ते पाहिले, तर त्याला सगळे आठवेल. मग माझा मंत्र चालणार नाही."

राजाने राज्यातली पानगळीची सारी चित्रे जुन्या खाणीत नेऊन जाळली. मल्हण नावाच्या राजचिताऱ्याने एक चित्र लपवले होते. ते सापडले, तेव्हा राजाने मल्हणाचे डोळे काढले. त्या वर्षी जी पाने आधीच गळली होती, ती काळकंठाने झाडून एका कोरड्या विहिरीत भरली आणि कोणी ओळखू नयेत म्हणून त्यांचे सोने केले. मग तो अरण्यात शिरला. त्या दिवसापासून एकही पान गळले नाही.

राजपुत्र मेला नाही. तो बराही झाला नाही. आणि मग लोकांच्या हळूहळू ध्यानात आले, की राज्यात कोणीच मरत नाही आणि कोणीच जन्मत नाही. जर्जर म्हातारी माणसे ओसरीवर पडून श्वास ओढत राहिली. शेतात कणीस येई, पण दाणा भरत नसे. भुकेने माणसे वाळत, पण सुटत नसत. ज्या बायकांना दिवस गेले होते, त्यांचे दिवस भरलेच नाहीत. राजवाड्यातली दाई गिरजा त्यांतलीच एक. तिच्या पोटातले मूल हलत असे, पण बाहेर येत नसे.

राजकन्येचे नाव तेरणा ठेवले होते. त्या राज्यात जन्मलेली ती शेवटची. ती मोठी झाली, आणि तिच्यापेक्षा लहान असे माणूस तिने कधी पाहिले नाही. पानगळीविषयी बोलायला बंदी होती, त्यामुळे तो शब्दही तिच्या कानावर आला नव्हता.

सोमवर्म्याच्या खोलीची खिडकी अरण्याकडे होती. राजाच्या आज्ञेने तिची दारे बंद करून वर कुलूप घातले होते, आणि किल्ली राजाच्या कमरेला असे. राजा रोज दारापर्यंत येई, बाहेरूनच विचारी, "कसा आहे?" आणि उत्तर ऐकून परत जाई. आत पाऊल टाकणे त्याला कधी जमले नाही. आत सोमवर्मा पडलेला असे. त्याच्या कातडीवर शेवाळासारखा हिरवा रंग चढला होता. त्याच्या अंगातले दुखणे थांबत नसे आणि झोप त्याच्या उशापर्यंत येऊन परत जाई. तेरणा त्याचे पाय चेपत बसे.

एके दिवशी तो म्हणाला, "तेरणा, मला पानगळ पाहायची आहे."

"ते काय असतं, दादा?"

त्याने हळू आवाजात सांगितले. झाडे पिवळी होतात, तांबडी होतात. मग त्यांच्या अंगावर काही राहत नाही, आणि त्यांच्या मागचा डोंगर दिसू लागतो.

"म्हणजे झाडं मरतात?"

"नाही. पुन्हा पालवतात. तेरणा, खिडकीसमोरच्या भिंतीवर ती रंगव. खिडकी उघडली आणि अरण्याने ती पाहिली, की मी मोकळा होईन."

"बरा होशील?"

सोमवर्म्याने नजर छताकडे वळवली. "मला काही दुखणार नाही," तो म्हणाला.

तेरणेने त्याचा अर्थ तिला हवा तो घेतला. सोमवर्म्याने तिला मल्हणाची गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याला शोधत निघाली.

मल्हण अरण्याच्या कडेला एका गुहेत राहत होता. त्याच्यापाशी एक म्हातारा धनेश पक्षी होता. पक्षी जे पाही ते मल्हणाला सांगे.

"कोण आहे?" मल्हणाने विचारले.

"राजकन्या," धनेश म्हणाला. "हात मऊ आहेत. या हातांनी अजून काही केलेलं नाही."

मल्हणाने तोंड तिच्या दिशेला वळवले. "तुझ्या वडिलांनी माझे डोळे घेतले."

"मला ठाऊक आहे. मला पानगळ रंगवायला शिकवा."

"मग मी तुला का शिकवावं?"

"माझा भाऊ झोपत नाही, म्हणून आले."

"मीही झोपत नाही," मल्हण म्हणाला. "बस."

त्याने तिला गेरू वाटायला शिकवले, धावड्याचा डिंक पाण्यात भिजवायला शिकवले, खारीच्या शेपटीचे केस बांधून कुंचला करायला शिकवले. मग म्हणाला, "आधी अरण्य जसं उभं आहे तसं रंगव." तेरणेने एका फळीवर अरण्य रंगवले. धनेशाने मान वाकडी करून पाहिले.

"ही हिरवी भिंत आहे," तो म्हणाला. "यातल्या एकाही फांदीवर मी बसणार नाही."

"पानं रंगवू नकोस," मल्हण म्हणाला. "पानांमधून जो उजेड येतो तो रंगव. लांबचं झाड पातळ आणि निळसर ठेव, जवळचं दाट. आणि झाडाला बाह्यरेषा नसते, ती तुझ्या मनात असते. पुन्हा कर."

तिने पुन्हा केले. फळ्या साठत गेल्या. बोटांच्या चिरांत रंग बसला तो निघेना. धनेश रोज पाही आणि रोज नाही म्हणे. मग एके दिवशी तो काही न बोलता उडाला, तिने रंगवलेल्या मोहाच्या फांदीवर बसायला गेला आणि चोच आपटून खाली पडला. मल्हणाने तो आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"आता पानगळ," तो म्हणाला. "तिला तीन वस्तू लागतात. पिवळा रंग कोरड्या विहिरीत आहे. तांबडा खाणीत आहे. त्या दोन्ही घेऊन ये, मग तिसरीचं सांगेन."

तेरणा कोरड्या विहिरीत उतरली. तळाशी सोन्याचा ढीग होता आणि त्यावर एक नाग वेटोळे घालून बसला होता. भोवती माणसे बसली होती. सोने न्यायला आलेली माणसे होती ती. त्यांचे हात कोपरापर्यंत सोन्याचे झाले होते, ते त्यांना उचलवत नव्हते. ती मरत नव्हती. त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या.

"काय न्यायला आलीस?" नागाने विचारले.

"पान."

"इथे आलेला प्रत्येक जण याला सोनं म्हणाला."

"मला पानच हवं आहे. एक पुरे."

"एक घे," नाग म्हणाला. "पण शापातून काढलेली वस्तू फुकट मिळत नाही."

तिने डाव्या हाताने एक पान उचलले. तिच्या मुठीत त्याचे सोनेपण गेले आणि ते पिवळे, हलके, शिरांचे पान झाले. त्याच वेळी तिची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाळून काळे पडले. माणसांमधल्या एका बाईने तिच्याकडे पाहून ओठ हलवले, पण आवाज आला नाही. तेरणेने तिला पाणी पाजले आणि ती वर चढली.

मग ती खाणीत गेली. तिथे जाळलेल्या चित्रांचा ढीग अजून धुमसत होता. काहीच संपत नव्हते, तसा तो अग्नीही विझत नव्हता.

"मला भूक आहे," अग्नी म्हणाला. "राजाने मला पेटवलं आणि विझू दिलं नाही."

"मला तांबडा रंग हवा आहे."

"मग मला चित्रं दे."

तेरणेने गुहेतून आपल्या फळ्या आणल्या आणि एकेक करून आगीत घातल्या. मोहाची फांदी असलेली फळी तिने शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. तरी तिने ती घातली.

"अजून एक आहे," अग्नी म्हणाला. "ते तू पदराखाली धरलं आहेस."

ते सोमवर्म्याचे चित्र होते. तो बरा झाल्यावर कसा दिसेल, तसे तिने ते कोणाला न दाखवता काढले होते. त्यात तो अंगणात उभा होता, त्याचा हात घोड्याच्या मानेवर होता, आणि त्याच्या कातडीचा रंग माणसाचा होता. तेरणेने ते बाहेर काढून एकदा पाहिले. मग तिने तेही दिले. अग्नीने तिच्यापुढे एक निखारा सरकवला. तो भाजत नव्हता. गुहेत नेऊन तो वाटला, तेव्हा त्याचा असा तांबडा रंग झाला, की धनेश दोन पावले मागे सरला.

"आता तिसरी वस्तू," मल्हण म्हणाला. "तो रंग नाही. पान गेल्यावर फांदीपाशी जी जागा राहते, ती. मला ती शिकवता येणार नाही, कारण काळकंठाने ती या राज्यातून काढून घेतली. ती त्याच्या मुठीत आहे. जा, पण तो जे बोलेल ते पुरतं ऐक."

तेरणा अरण्यात शिरली. वर पानांचे छत काळपट हिरवे, जाड, भोकांनी भरलेले होते. त्यातून ऊन खाली येत नव्हते. कुठे पाखरू नव्हते. झाडे उभ्या उभ्या कुजत होती आणि पडत नव्हती. मधोमध एका ऐनाखाली काळकंठ बसला होता. ऐनाची मुळे त्याच्या पोटऱ्यांतून आरपार गेली होती. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"राजाची मुलगी," तो म्हणाला. "उशीर केलास."

"तुम्ही मला अडवणार नाही?"

"कशासाठी? मी हलू शकत नाही. मी मूठ सोडली तर मंत्र अर्धा सुटेल, आणि मी राजाला शब्द दिला आहे. तू मूठ उघडलीस तर तो माझा दोष नाही. पण आधी ऐकून घे. तुझ्या भावाचं आयुष्य या पानांना बांधलेलं आहे. ज्या दिवशी ती गळतील, त्या दिवशी तो मरेल. तुझ्या वडिलांनी हे सगळं त्यासाठीच केलं."

तेरणा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"आता मूठ उघड," काळकंठ म्हणाला, "किंवा परत जा."

तिने एकेक बोट सोडवून त्याची मूठ उघडली. आत काही नव्हते. ते काही नसणे तिच्या तळहातावर आले आणि गार पाण्यासारखे तिथे राहिले. काळकंठाने रिकामा हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मंत्र आता नुसत्या अरण्याच्या विसरण्यावर टिकून होता.

ती गुहेकडे गेली नाही. सरळ भावाच्या खोलीत आली.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कुंचला हातात धरला नसतास."

"आता मी रंगवीन," तेरणा म्हणाली, "पण एक पान गळू देणार नाही."

तिने भिंतीला चुना दिला, भिंत घासून गुळगुळीत केली आणि ती रंगवायला लागली. आधी लांबचा डोंगर, निळा आणि पातळ. त्याच्या पुढे धूसर झाडांच्या रांगा. मग जवळचे साग, तांबूस, कडा जळाल्यासारख्या. मोह पिवळा. बोंडाऱ्याचे झाड असे तांबडे, की खोलीतल्या अंधारातही ते पेटलेले दिसे. रागाने ती रंगवत होती. प्रत्येक फांदी तिने भरली. डोंगराला झाकून टाकले. जिथे थोडी जागा दिसे, तिथे ती आणखी एक पान बसवी.

दाई गिरजा सोमवर्म्याचे अंग पुसायला आली. तिने भिंतीकडे पाहिले आणि मग पोटावर हात ठेवून खाली बसली.

"राजकन्ये," ती म्हणाली, "तुझ्या जन्मानंतर आठवड्याभरात माझे दिवस भरणार होते."

एवढे बोलून तिने आपले काम केले आणि ती गेली.

भिंत भरली, तेव्हा सोमवर्म्याने ती नीट पाहिली. "सुंदर आहे," तो म्हणाला. "पण हे सगळं थांबलेलं आहे."

"मला माहीत आहे."

"तातांनी मला असंच ठेवलं, तेरणा."

तिने कुंचला खाली ठेवला. ती भिंतीला डोके टेकवून उभी राहिली. मग ती वळली, भावाच्या उशाशी आली आणि तिने विचारले, "भीती वाटते?"

"इथे राहण्याची वाटते," तो म्हणाला.

तेव्हा तिने उजवा तळहात उघडला आणि तो चित्रातल्या कांडोळावर ठेवला. जिथे तळहात टेकला, तिथली पाने नाहीशी झाली आणि पांढऱ्या फांद्यांमागे आकाश दिसले. तिने तो सागावर ठेवला, मोहावर ठेवला. पाने गेली, काही वाटेत हवेतच राहिली, काही बुंध्याशी पडली. हळूहळू मागचा डोंगर दिसू लागला. कुठली फांदी पुरती उघडी करायची आणि कुठे एखादे पान राहू द्यायचे, हे तिला आता कोणी सांगावे लागत नव्हते.

त्याच वेळी राजा दृढवर्मा दारापाशी आला. "कसा आहे?" असे विचारायला त्याने तोंड उघडले आणि त्या दिवशी उघड्या राहिलेल्या दारातून त्याला ती भिंत दिसली. त्याने तलवार उपसली आणि तो उंबरठा ओलांडून आत आला.

"बाजूला हो," तो तेरणेला म्हणाला. "ती भिंत मी फोडून टाकतो."

"फोडा, महाराज," तेरणा म्हणाली. "आधी एकदा दादाकडे पाहा."

राजाने मान वळवली. त्याच्या मनात अजून तापाने फणफणलेला एक लहान मुलगा होता. अंथरुणावर हिरव्या कातडीचा, हाडे वर आलेला, पिकल्या केसांचा एक पुरुष पडला होता आणि तो त्याच्याकडे पाहत होता.

"तात," सोमवर्मा म्हणाला, "आज आत आलात."

राजाच्या हातातली तलवार खाली आली. तो अंथरुणाच्या कडेला बसला. त्याने मुलाच्या कपाळावर हात ठेवला, आणि कपाळ किती गार आहे हे त्याला कळले.

"तुझी आई गेली," तो म्हणाला. "लगेच तूही निघाला होतास. माझ्याच्याने ते सोसवलं नसतं."

"मला कळतं."

"तुला काय हवं आहे?"

"खिडकी उघडा, तात."

राजाने मुलाचा हात दोन्ही हातांत धरला. मग तो उठला, त्याने कमरेची किल्ली काढली, गंजलेले कुलूप खूप झटून उघडले आणि खिडकीची दारे स्वतःच्या हातांनी ढकलली. दुपारचे ऊन आत आले आणि भिंतीवर पडले.

अरण्याने भिंत पाहिली.

आधी काही झाले नाही. मग सगळ्यांत जवळच्या ऐनावर काळपट हिरव्यात एक पिवळी कड उमटली. ती पसरत गेली. एकेका झाडाला आठवत गेले. संबंध अरण्य क्षितिजापर्यंत पिवळे झाले, तांबडे झाले. तेरणेने भावाला खांद्याने उचलून धरले, म्हणजे त्याला दिसावे. त्याच्या कातडीवरचा हिरवा रंग उतरला आणि अंग माणसाचे झाले. वारा आला. पाने सुटली.

"दिसतं आहे?" तेरणेने विचारले.

"डोंगर दिसतो आहे," सोमवर्मा म्हणाला. त्याला जांभई आली. त्याने डोके बहिणीच्या खांद्यावर टेकवले आणि तो झोपला. त्या झोपेतून तो उठला नाही.

त्या दिवशी राज्यात पुष्कळ माणसे गेली. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी श्वास सोडला. विहिरीतल्या माणसांचे हात हातांसारखे झाले, आणि त्यांतली बरीचशी तिथेच निजली. खाणीतला अग्नी विझला. अरण्यात काळकंठ ऐनाला टेकून मेला. गिरजेला कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळण्याआधी तिला मुलगी झाली. तिचे रडणे ऐकून घराघरांतून माणसे बाहेर आली. तो आवाज तेरणेच्या ओळखीचा नव्हता.

धनेश राजवाड्यावर आला आणि म्हणाला, "मल्हण गेला. चित्र कसं झालं, ते मी त्याला वेळेत जाऊन सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की तिने डोंगर मोकळा ठेवला."

राजाने मुकुट उतरवून तेरणेच्या पुढे ठेवला. त्याने घेतलेल्या डोळ्यांची भरपाई कशानेही होणार नव्हती. ती होईल असे तो म्हणालाही नाही. पानगळीवरची बंदी तेरणेने त्याच दिवशी उठवली. पुढे पेरलेले दाण्यावर आले, पाळण्यांना दोऱ्या लागल्या, आणि मेलेल्यांसाठी लोकांना रीतसर रडता आले. पण ते नंतरचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमवर्म्याला अरण्यापलीकडच्या नदीवर न्यायचे होते. पुढे राजा चालला, मुलाच्या तिरडीला खांदा देऊन. मागोमाग तेरणा निघाली. झाडे उघडी होती. वाट दिसत नव्हती, सगळीकडे घोट्याएवढी पाने पडली होती. पहिल्या पावलाला ती दचकून थांबली.

पायाखाली पाने वाजत होती. पाऊल टाकले की करकरत होती, उचलले की सळसळत होती. पुढच्या सगळ्या माणसांच्या पायांखाली तोच आवाज होता. पानगळीला आवाज असतो हे तिला मल्हणाने सांगितले नव्हते, भावाने सांगितले नव्हते, आणि तिच्या भिंतीवर तो कुठेच नव्हता.

तिने वहाणा काढल्या आणि अनवाणी, एकेक पाऊल ऐकत ती नदीपर्यंत गेली.

त्या राज्यात त्यानंतर दर वर्षी पाने गळली.